मिठाचा हिशोब आणि हरवलेली वाट
नागार्जुनाच्या विहाराच्या शोधात कोराडीचे उपासक



कोराडीच्या आमच्या वस्तीतल्या विहारात दरवर्षी आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासाचे ग्रंथवाचन चालते. रात्री आठच्या सुमारास बाया जेवणखाण आटोपून येतात. दिवसपाळी करून आलेले कामगार भिंतीला टेकून बसतात आणि लहान मुले दाराजवळ जागा धरतात. उघड्या दारातून वीज केंद्राच्या चिमण्यांवरचे तांबडे दिवे दिसत असतात. एरवी आम्ही बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतो. गेल्या वर्षी तरुण मुलांच्या आग्रहाखातर चिनी यात्रेकरूंची प्रवासवर्णने घेतली. वाचनाचे काम माझ्याकडे होते.

एका रात्री ह्यू-एन-त्संगच्या वर्णनातला एक डोंगर आला. डोंगराच्या पोटात कोरलेला पाच मजली विहार, त्यात सोन्याच्या बुद्धमूर्ती, हजार भिक्खू, आणि पुढे असे काही घडले की त्या विहाराची वाटच कोणाला ठाऊक राहिली नाही! वाचन संपले तरी मुले उठेनात. दहावीतला एक मुलगा म्हणाला, "काका, मंग ते सोनं अजून तिथंच असन का?" दुसरा म्हणाला, "आपल्या रामटेकच्या रानातच हाये म्हन्ते तो डोंगर. चला ना शोधाले!"

मागे बसलेली आमच्या वस्तीतली सर्वांत म्हातारी आजी तेवढ्यात बोलली, "सोन्याचं सोड रे बापा. वाट कोनं बुजवली अन् काऊन बुजवली, ते आधी इचार."

आजीचा तो प्रश्न घेऊन आम्ही पुढे चार महिने वाचले, विचारले आणि शेवटी जानेवारीतल्या एका रविवारी बाहेर पडलो. आम्हाला काय सापडले आणि काय सापडले नाही, याचा हा प्रामाणिक जमाखर्च आहे.

यात्रेकरूंनी काय लिहिले?

या विहाराची सर्वांत जुनी खबर फाहियान या चिनी भिक्खूने दिली आहे. तो पाचव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात आला. दक्षिण देशात डोंगर कोरून केलेला एक पाच मजली विहार आहे, असे त्याने लिहिले. सर्वांत खालचा मजला हत्तीच्या आकाराचा, त्यावर सिंहाचा, मग घोड्याचा, मग बैलाचा आणि सर्वांत वर पारव्याचा. खाली पाचशे खोल्या आणि वर जाताना प्रत्येक मजल्याला शंभर कमी. पण फाहियान तेथे स्वतः गेला नव्हता. तो देश दुर्गम आहे, जायचे तर तिथल्या राजाला पैसे द्यावे लागतात, मग तो वाटाडे देतो, असे लोकांनी त्याला सांगितले. त्याने जे ऐकले ते ऐकले म्हणूनच लिहिले. हा प्रामाणिकपणा ध्यानात ठेवावा.

या विहाराला तो 'पारावत' म्हणजे पारव्याचा विहार म्हणतो. आपल्या मराठीतला पारवा याच शब्दातून आला. मूळ शब्द 'पर्वत' असावा आणि ऐकताना त्याचा 'पारावत' झाला असावा, असे काही अभ्यासकांना वाटते. एका अक्षराने डोंगराचा पक्षी झाला!

ह्यू-एन-त्संग इ. स. ६२९ ते ६४५ या काळात प्रवासात होता. आपल्या भागाला लागून असलेल्या दक्षिण कोसल देशाचे त्याने वर्णन केले आहे. तिथला राजा बौद्ध होता, सुमारे शंभर विहार होते आणि दहा हजारांच्या आतबाहेर भिक्खू होते. राजधानीच्या नैर्ऋत्येला तीनशे ली अंतरावर एक डोंगर होता. चिनी लिपीत त्याचे नाव 'पो-लो-मो-लो-कि-लि' असे येते. त्याचे मूळ रूप बहुतेक जण 'भ्रमरगिरी' असे लावतात. म्हणजे भुंग्यांचा डोंगर.

सातवाहन राजाने आचार्य नागार्जुनासाठी हा डोंगर कोरविला, असे ह्यू-एन-त्संग सांगतो. वरून पाण्याचा झरा आत घेऊन मजल्यामजल्यावर फिरविला होता. खडकाला भोके पाडून उजेड आत आणला होता. सर्वांत वरच्या मजल्यावर मूर्ती आणि ग्रंथ होते. मधल्या तीन मजल्यांवर भिक्खू राहत. सर्वांत खाली सेवेकरी आणि सामानसुमान. काम अर्धे झाले नाही तोच राजाचा खजिना आटला. तेव्हा नागार्जुनाने औषध लावून दगडांचे सोने केले, अशी कथा त्याने दिली आहे. दगडाचे सोने होत नाही, हे आपण जाणतो. बाबासाहेबांच्या अनुयायांनी चमत्काराला मान तुकवायची नसते.

पण याच वर्णनात एक वाक्य असे आहे की ते वाचताना मी थबकलो. काम पुरे झाल्यावर राजाने हिशोब केला, तेव्हा कामगारांनी खाल्लेल्या मिठाचीच किंमत नऊ कोटी सुवर्णनाणी झाली!

मी कारकून माणूस. जन्म जमाखर्चाच्या वह्यांत गेला. आकडा फुगवलेला आहे हे मलाही कळते. पण इतके मीठ लागले म्हणजे किती हात राबले असतील, किती घाम गळला असेल! राजाचे नाव राहिले, आचार्याचे नाव राहिले. त्या पाथरवटांची नावे नाहीत. त्यांच्या मिठाचा तेवढा आकडा राहिला. मी हे वाक्य दोनदा वाचले तेव्हा आजी हसली. १९७४ साली कोराडीचे वीज केंद्र सुरू झाले, त्याआधीच्या बांधकामावर तिने घमेली वाहिली आहेत. "आमच्याही मिठाचा हिशोब कोनी ठेवला असन का रे?" ती म्हणाली.

वाट कशी हरवली?

आता आजीच्या प्रश्नाचे उत्तर. आपल्याला वाटते की आपल्या विरोधकांनी चाल केली आणि वाट बुजवली. ह्यू-एन-त्संगनेही ते लिहिले आहे. विरोधी ब्राह्मणांनी तो विहार मोडला आणि वाट अशी बंद केली की भिक्खूंना आत जाता येऊ नये. त्याच्या काळी आत कोणी आजारी पडले आणि वैद्याला न्यायचे झाले, तर त्याला येताजाता डोळे बांधून नेत, म्हणजे वाट कळू नये.

परंतु त्याच्या आधीचे वाक्य आपण विसरतो. ते असे आहे की पुढे भिक्खूंमध्ये आपसांत भांडणे लागली आणि ते आपला तंटा घेऊन राजाकडे गेले. ही संधी साधून विरोधकांनी डाव साधला.

म्हणजे क्रम असा आहे : आधी आपले भांडण, मग परक्याचा न्यायनिवाडा आणि मग दरवाजा बंद!

मी हे वाचले तेव्हा विहारात कोणी काही बोलले नाही. कारण सर्वांना ठाऊक होते की आमच्याच वस्तीत दोन समित्या आहेत, दोन पावतीपुस्तके आहेत आणि चौदा एप्रिलला दोन मिरवणुका निघतात. रिपब्लिकन पक्षाची शकले किती झाली ते मोजायला आता दोन्ही हातांची बोटे पुरत नाहीत. त्या डोंगराची कथा तेराशे वर्षांपूर्वीची, पण ती आमच्याच गल्लीतली वाटली.

विद्वानांनी कोठे शोधले?

चिनी यात्रेकरूंच्या वर्णनाला भाकडकथा म्हणून सोडून देता येत नाही. एकोणिसाव्या शतकात ही वर्णने भाषांतरित झाली आणि अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी ती हातात धरून गावोगाव पायपीट केली. नालंदा, श्रावस्ती, कुशीनगर यांची ओळख त्याच नोंदींच्या आधारे पटली. तेव्हा जो माणूस नालंदेबद्दल खरे सांगतो, तो भ्रमरगिरीबद्दल सगळेच खोटे कसे सांगेल, असे शोधकांना वाटले तर नवल नाही.

पण येथे अडचण फार. दक्षिण कोसलाची राजधानी नेमकी कोठली यावर मतभेद, एक ली म्हणजे किती यावरही मतभेद. मग तीनशे ली म्हणजे ५० मैल म्हणा की १०० मैल म्हणा! म्हणून कोणी आंध्रातले श्रीशैल सुचविले, कोणी ओडिशातला गंधमर्दन डोंगर. आपल्याकडे भद्रावतीची विजासन लेणी आणि रामटेक-मनसरचा डोंगर यांची नावे पुढे आली. पाच मजली विहार मात्र कोठेही सापडलेला नाही.

नागार्जुनाचे नाव ज्या स्थळाला खरोखर चिकटले ते आंध्रातले नागार्जुनकोंडा. ते १९२६ साली उजेडात आले. तिथे स्तूप, विहार, शिलालेख असा मोठा ठेवा मिळाला. पुढे कृष्णा नदीवर नागार्जुनसागर धरण बांधले गेले आणि ते खोरे पाण्याखाली गेले. वाचविलेले अवशेष टेकडीवर हलविले, ती टेकडी आज जलाशयातले बेट आहे. धरणाच्या पाण्यानेही वाट बुजते, हेही लक्षात घ्यावे.

आणि 'सापडले' या शब्दाचीही गंमत आहे. अजिंठ्याची लेणी १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला शिकारीच्या निमित्ताने 'सापडली' असे आपण शाळेत शिकलो. त्याने आपले नाव दहाव्या लेण्यात खरडून ठेवले आहे. पण त्या रानातल्या गुराख्यांना आणि भिल्लांना ती लेणी माहीतच होती. रान कोणासाठी हरवलेले असते आणि कोणासाठी रोजचे असते! म्हणून जुने स्थळ शोधायचे तर आधी तिथल्या गुराख्याला, मोहफुले वेचणाऱ्या बाईला नमस्कार करावा.

नागार्जुन आणि आपला विदर्भ

नागार्जुन हा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपासचा आचार्य. 'मूलमध्यमककारिका' हा त्याचा मुख्य ग्रंथ. कोणतीही गोष्ट एकटी, आपल्याच बळावर उभी नसते, ती इतर कारणांवर अवलंबून असते, हा बुद्धाचा विचार त्याने तर्काने टोकापर्यंत नेला. त्यालाच शून्यवाद म्हणतात. सातवाहन राजाला त्याने मित्र म्हणून लिहिलेले उपदेशाचे पत्र 'सुहृल्लेख' या नावाने प्रसिद्ध आहे. तिबेटी परंपरा त्याचा जन्म विदर्भातला मानते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी नागपूरच का, याचा खुलासा केला. भारतात बौद्ध धम्माचा प्रसार करणारे नाग लोक या भागात राहत होते, हे त्यांनी मुद्दाम सांगितले. तेव्हापासून नाग, नागपूर आणि नागार्जुन हे शब्द आपल्या मनात एका माळेत ओवले गेले. जपानमधून आलेले आणि पुढे भारताचे नागरिक झालेले भदंत आर्य नागार्जुन सुरेई ससाई हेही सांगतात की नागार्जुनाच्या दर्शनाच्या अनुभवातूनच ते नागपूरला आले. मनसरच्या उत्खननामागे त्यांचाच पुढाकार होता.

तेव्हा आमची पावले मनसरकडे वळणे साहजिकच होते.

एक गाडी की दोन गाड्या?

सहल ठरली आणि लगेच भांडणही ठरले. आमच्या समितीने एक रविवार ठरविला, दुसऱ्या समितीने पुढचा रविवार. शिवाय दोन्हीकडच्या पोरांनी टेकडीवर लावायला पाट्या रंगवून घेतल्या. एकीवर 'बोधिसत्त्व नागार्जुन महाविहार' आणि खाली आमच्या मंडळाचे नाव. दुसरीवर तेच आणि खाली त्यांच्या मंडळाचे नाव.

हे आजीच्या कानावर गेले. ती काठी टेकत दोन्ही समित्यांच्या अध्यक्षांच्या घरी गेली. म्हणाली, "त्या इहारातले भंतेजी भांडले म्हनून वाट बुजली, हे तुमीच वाचलं ना? मंग शोधाले जातानाच भांडता? वाट सापडन तरी कशी?" दोघेही वरमले. शेवटी दोन्ही समित्या मिळून एकच मोठी गाडी केली. बाया, मुले, म्हातारे धरून तीसेक माणसे. डबे एकत्र. पाट्या मात्र दोन्ही बाजूंनी गुपचूप गाडीत टाकल्या, ते नंतर कळले.

कोराडीहून कामठी, मग कन्हान नदीचा पूल आणि पुढे जबलपूर रस्त्याने मनसर. मनसरला मॅंगनीजच्या खाणी आहेत हे आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे. गावालगत तलाव आणि त्याच्या काठी टेकडी. लोक तिला हिडिंबा टेकडी म्हणतात. भीमाच्या बायकोचे नाव त्या विटांना कसे मिळाले कोण जाणे! जुन्या बांधकामाचा विसर पडला की लोक त्याला पांडवांचे नाव देऊन मोकळे होतात, हे महाराष्ट्रात जागोजागी दिसते.

टेकडीवर चढलो तशी सारी गप्प झाली. विटांच्या भिंती, कोन करून वळलेले कठडे, एकावर एक चढत गेलेले चौथरे. आमच्यात एक गवंडी आहे. तो विटेवर हात न लावता वाकून बघत राहिला. म्हणाला, "एवढी मोठी ईट, अन् सांधा पाहा कसा धरला हाये!" त्या क्षणी मला पुन्हा मिठाचा हिशोब आठवला.

पाटीवर काय लिहायचे?

मुलांनी पाट्या बाहेर काढल्या, तेव्हा मी त्यांना खाली बसविले आणि जे मला ठाऊक होते ते सगळे सांगितले. गोड तेवढेच सांगितले नाही.

मनसरचे मोठे उत्खनन १९९७-९८ पासून बोधिसत्त्व नागार्जुन स्मारक संस्थेच्या वतीने झाले. जगत्पती जोशी आणि अरुणकुमार शर्मा हे जाणते पुरातत्त्वज्ञ त्याचे प्रमुख होते. त्यांनी खालच्या थरांत स्तूप आणि विहाराचे बांधकाम ओळखले आणि हे स्थळ नागार्जुनाशी जोडले. परंतु त्याच उत्खननात 'प्रवरेश्वर' हे नाव असलेल्या मुद्राही मिळाल्या. त्यावरून नेदरलँड्सचे अभ्यासक हान्स बक्कर आणि इतर काहींचे म्हणणे असे की, आज टेकडीवर दिसते ते बांधकाम मुख्यतः पाचव्या शतकातला वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचे शिवमंदिर आहे आणि खालचा वाडा त्याच्या प्रवरपूर राजधानीचा आहे. येथेच १९७२ साली मिळालेली शिवाची सुंदर मूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. नागार्जुनाचे नाव कोरलेला दगड या टेकडीने अजून दिलेला नाही.

एक तरुण चिडला. "म्हणजे तुम्ही त्यांच्या बाजूचे का, काका? आपलं सगळं त्यांनी घेतलं, अन् आपण पुरावा मागत बसायचा?"

त्याचा राग खोटा नव्हता. अनेक ठिकाणी बुद्धाच्या मूर्तीला शेंदूर फासून तिला दुसऱ्या देवाचे नाव दिले गेले, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. पण मी त्याला म्हणालो, "बाबू, मी कार्यालयात बसतो. पावती नसेल तर रक्कम खरी असूनही वहीत चढत नाही. आणि एक जरी खोटी पावती सापडली, तर तपासणारा माझ्या साऱ्या खऱ्या पावत्यांवर शंका घेतो. आपल्याजवळ खऱ्या पावत्या पुष्कळ आहेत. एका खोट्या पाटीसाठी त्या का बुडवायच्या?"

कालाम सुत्तात भगवंतांनी हेच सांगितले आहे. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा आपला गुरू सांगतो म्हणून काही मानू नका. यात 'आपल्याला आवडते म्हणून मानू नका' हेही आलेच.

बराच वेळ वाद झाला. शेवटी त्याच मुलाने खडू मागितला. दोन्ही पाट्यांच्या कोऱ्या मागच्या बाजूंवर मुलांनी एकच मजकूर लिहिला : 'विटांवर चढू नका, वीट उचलू नका, नावे कोरू नका. हा आपल्या पूर्वजांच्या घामाचा ठेवा आहे.' खाली कोणत्याच मंडळाचे नाव नव्हते. पाट्या आम्ही तिथे ठोकल्या नाहीत, जेवणाच्या जागी उभ्या करून परतताना घरी आणल्या. जुन्या वास्तूवर परवानगीवाचून काही लावणे बरोबर नाही. त्या आज आमच्या विहारात आहेत.

नागार्जुन टेकडी

दुपारी रामटेककडे गेलो. मनसरहून ते अंतर थोडेच आहे. रामटेकच्या डोंगररांगेत नागार्जुनाच्या नावाने ओळखली जाणारी टेकडी आहे. सागाची वाळलेली पाने पायाखाली कडकड वाजत होती. वाटेत भेटलेल्या एका गुराख्याने आधी वर बघायला सांगितले. कड्याच्या पोटाला आग्या मोहोळ लटकत होते. धूर, अत्तर, आरडाओरड यांपैकी काही करू नका, असे त्याने बजावले. भ्रमरगिरीचा अर्थ मुलांना पुस्तकापेक्षा त्या मोहोळानेच चांगला समजावला!

गुहा लहानशी. चार माणसे दाटीने बसतील एवढी. पाच मजले नाहीत, झरा नाही, सोने तर नाहीच. मुलांची तोंडे उतरली. "काका, हेच का?"

मी म्हणालो, "हेच आहे असे मी म्हणत नाही. पण लोकांनी इतकी शतके येथे त्या आचार्याचे नाव जपले, एवढे मात्र खरे." आजी खालीच एका दगडावर बसली होती. तिने सर्वांना बसवून त्रिशरण-पंचशील म्हणायला लावले. हळू आवाजात, मोहोळ उठू नये म्हणून. दोन्ही समित्यांची माणसे एका ओळीत बसली होती. आमच्या वस्तीत गेल्या कित्येक वर्षांत हे घडले नव्हते.

खऱ्या पावत्या कोठे आहेत?

परतताना गाडीत मी मुलांना आपल्या खऱ्या पावत्या सांगितल्या. त्या वाचकांसाठीही येथे देतो.

भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी पवनी आहे. तिथली एक टेकडी जगन्नाथ टेकडी म्हणून ओळखली जात होती. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व विभाग यांनी तिथे खोदकाम केले आणि खाली निघाला प्राचीन स्तूप. त्याच्या दगडी कठड्यांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे आहेत. मुचलिंद नागाचे शिल्प आहे आणि त्याखाली त्याचे नाव कोरलेले आहे. विसमिता नावाच्या एका स्त्रीच्या दानात सर्व प्राणिमात्रांच्या सुखाची इच्छा व्यक्त केली आहे. दोन हजार वर्षांपूर्वीची ती बाई, आपल्या महिला मंडळातल्या बाईसारखीच! राजाच्या हिशोबात मजुरांची नावे नव्हती, पण स्तूपाच्या दगडावर साध्या माणसांची नावे आहेत. हा फरक फार मोठा आहे.

चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला विजासन टेकडीची लेणी आहेत. डोंगरात सरळ आत गेलेली लांब वाट आणि टोकाला बसलेली बुद्धमूर्ती. बाजूच्या वाटांच्या टोकालाही तशाच मूर्ती. तिथे कोणाला पाटी लावून सिद्ध करावे लागत नाही. दगडच बोलतो.

नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाला आपण अजब बंगला म्हणतो. ते १८६३ साली स्थापन झाले. मुले तिथे भुसा भरलेला वाघ बघायला जातात. पुढच्या वेळी त्यांना शिलालेखांपुढेही उभे करावे. ब्राह्मीची मुळाक्षरे मन लावून बसले तर महिन्याभरात शिकता येतात.

जाणाऱ्यांनी काय पाळावे?

ज्यांना अशा सहली काढायच्या असतील त्यांच्यासाठी चार गोष्टी. रानात जायचे तर आधी वन विभागाच्या लोकांना विचारावे. आपल्या जिल्ह्यातली बरीच राने वाघांची आहेत, आणि परवानगी नसेल तर शिरू नये. मोहोळाजवळ अगरबत्ती, मेणबत्ती पेटवू नये. अवशेषांवर हार, गुलाल, रंग काही घालू नये, मग तो निळा असो की भगवा. आणि शेतात, खोदकामात नाणे किंवा मूर्ती मिळाली तर लपवू नये, सोनाराकडे नेऊ नये. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचा असा दडलेला ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. सोन्याच्या हावेने रात्री खड्डे खणणारे लोक विटांचा थर मोडतात. थर मोडला की वास्तू कोणाची, कोणत्या काळची हे कायमचे कळेनासे होते. वाट बुजवण्याचाच तो एक प्रकार.

रात्री कोराडीला पोचलो तेव्हा चिमण्यांवरचे दिवे लागले होते. दहावीतल्या त्या मुलाने उतरता उतरता विचारले, "काका, मंग तो पाच मजल्यांचा इहार खरंच होता का?"

मी म्हणालो, "फाहियानने ऐकला. ह्यू-एन-त्संगने लिहिला. आपल्याला अजून सापडला नाही. तू ब्राह्मी शिक, इतिहास शीक, आणि तू शोध."

आजीला हात देऊन उतरविले. ती दोन्ही अध्यक्षांकडे बघून म्हणाली, "येत्या चौदा एप्रिलले मिरवनूक किती निघन?" दोघे एकमेकांकडे बघायला लागले.

एकच निघाली. दोन्ही पावतीपुस्तके मात्र अजून आहेत. ती एक व्हायला वेळ लागेल. पण दोन्हींचा हिशोब आता एका फळ्यावर विहारात लावला जातो. चहा, मंडप, बॅंडबाजा असे सगळे खर्च त्यात असतात. मिरवणुकीच्या दिवशी तीस माणसांनी राबून जेवण रांधले, त्यांची नावे आजीच्या सांगण्यावरून त्या फळ्यावर पहिल्या ओळीत लिहिली. त्यांच्या खाली खर्चाची पहिली नोंद आहे : मीठ, दहा किलो.

जय भीम! नमो बुद्धाय!